केळ्यातली पुडी

मंगळवार, सकाळचे सहा चाळीस. जळगावातल्या एका खासगी रुग्णालयात भिकुबाई लेकीच्या केळ्यात पांढरी पुडी भरताना नर्सने पाहिलं. नर्सने केळं हिसकावून घेतलं, पण अर्धं आधीच पोटात गेलं होतं.

लेक दिपमाला, वय पंचवीस. माहेर धुळे जिल्ह्यात, सासर जळगावातच, मेहरूणला. मार्चमध्ये माहेरी असताना कावीळ झाली. धुळ्यातल्या तपासणीत पट्टीवर हिपॅटायटिस सी या विषाणूची फिकट रेघ उमटली. सासरी तिचं ताट वेगळं झालं. तीन आठवड्यांत कावीळ आपोआप उतरली आणि जूनमध्ये परतली, जास्त गडद होऊन.

तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. हसीब पिंजारी यांचा त्या रेघेवर विश्वास नव्हता. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच यकृतावर उलटली, तर रक्तात काही प्रथिनं वाढतात आणि विषाणू नसतानाही रेघ दिसू शकते. विषाणूचा आजार असेल तर विषाणू मारायचा असतो. शरीरच उलटलं असेल तर स्टिरॉईड देऊन शरीरालाच आवरायचं असतं, आणि तेच स्टिरॉईड विषाणूला मोकळं रान देऊ शकतं. यकृताचा तुकडा तपासला असता तर कळलं असतं, पण रक्त गोठत नसल्याने सुई घालता येत नव्हती. विषाणूच्या शोधासाठी रक्ताचा नमुना पुण्याला गेला होता. एवढ्यात कावीळ उतरू लागली. दाखल झाल्यापासून पाच दिवसांत रक्तातलं काविळीचं प्रमाण सोळावरून अकरावर आलं. म्हणून डॉक्टर अहवालासाठी थांबले होते.

दाखल करताना त्यांनी तीनदा विचारलं होतं, गावठी औषध चालू आहे का? भिकुबाईने तिन्ही वेळा नाही म्हटलं होतं.

"मावशी, पुडी कोणी दिली?"

"सांगता येत नही. नाव सांगं ते औषधना गुन जास."

तिचा मुलगा नवल भडकला. "माय, तू डाक्टरपेक्षा मोठी व्हई गई का? मंग फी बी लाव!"

"लावसू. पाच दिनमा कावीळ उतरनी का नही? कोनी उतारी? तुना डाक्टरनी?"

डॉक्टर दिपमालाचा चेहरा पाहत होते. गोल, गालांवर सूज. दाखल करताना नवल म्हणाला होता, मार्चपासून अंग धरलंय तिने.

बाहेर येऊन त्यांनी नवलला सांगितलं, "पुडीत स्टिरॉईड असावं. चेहरा त्यानेच सुजलाय. मार्चमध्येही दिली असणार. पुडी संपली, आजार उसळला. दोन्ही वेळा कावीळ उतरली तीही त्यामुळेच. आता किती उरल्या?"

नवल आत जाऊन आईला विचारून आला. "हीच शेवटची."

"मग उद्यापासून पुन्हा उसळेल. त्यात काय होतं, किती होतं, हे देणाऱ्यालाच माहीत."

दुपारपर्यंत भिकुबाई नाव सांगायला तयार नव्हती. बाराच्या सुमारास दिपमालाने डोळे न उघडताच म्हटलं, "माय, सांगी दे."

भिकुबाईने नाव सांगितलं. मगन आबा, शिंदखेड्याकडचे गावठी औषध देणारे. नवल मोटारसायकलने निघाला. तीन वाजता त्याचा फोन आला. घराला कुलूप होतं. आबा कुठे गेले, शेजाऱ्यांना माहीत नव्हतं. उरलेलं केळं डबीत बंद करून तपासणीला पाठवलं गेलं. त्याला आठ दिवस लागणार होते.

आजार पुन्हा उसळण्याआधी, संध्याकाळी पाच पन्नासला डॉक्टरांनी पुण्याच्या अहवालाची वाट न पाहता स्टिरॉईडचं पहिलं इंजेक्शन दिलं. संमतीपत्रावर मेहरूणहून आलेल्या दिपमालाच्या नवऱ्याने सही केली. भिकुबाई दाराशी उभी होती.

"मी नाव सांगी टाकं," ती म्हणाली. "आते गुन जाई."

बुधवारी सकाळी सहाच्या रक्तात कावीळ तेरा पूर्णांक एक होती. आदल्या दिवशी अकरा होती. दिपमालाने आईला ओळखलं. यकृत बिघडलं की भान सुटतं, म्हणून डॉक्टरांनी वार विचारला, तेव्हा तिने शुक्रवार सांगितला. पुण्याहून निरोप आला, नमुना यंत्रावर चढवला आहे, अहवाल संध्याकाळी.