खिडकीतला कप

मंडळी, तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरात एक कप असतो. पाहुण्यांच्या ट्रेमध्ये तो कधी दिसत नाही आणि घरच्यांच्या कपांशेजारी फळीवरही लागत नाही. कान तुटलेला, कड उडालेली, खिडकीत नाहीतर मोरीपाशी पालथा घातलेला. कामाला येणाऱ्या मावशींचा कप! तो तिथे कुणी ठेवला, हे विचारलंत तर कुणालाच सांगता यायचं नाही. आपला असतो, झालं.

आपल्या गोष्टीतली मुलगी अशाच एका घरातली. घरात तिला लाडाने बबडी म्हणत. कॉलेजांच्या विद्यार्थी-अदलाबदलीच्या योजनेत तिची निवड झाली आणि ती वर्षभरासाठी परदेशी निघाली. निघताना आईने पाठीवरून हात फिरवत बजावलं, "बबडे, तिकडची माणसं तुझ्याकडे बघून आपल्याला ओळखणार. नाव खाली जाईल असं काही वागू नकोस हो."

तिकडे ती ज्यांच्या घरी राहिली, त्या काकू शहरातली बस चालवत. बोलायला रोखठोक, पण मायाळू. कंबरेच्या दुखण्याने त्यांना फार वाकवत नसे, म्हणून दर गुरुवारी साफसफाईला एक बाई येत. ठेंगण्या, हसऱ्या, कॉलेजच्या वर्गांची झाडलोटही त्याच करत. बबडीने सवयीने त्यांना मावशी करून टाकलं. त्यांनाही ते आवडलं.

पहिल्याच गुरुवारी बबडी म्हणाली, "आज चहा मी करते!"

चहा छान झाला. दोन चांगले कप तिने टेबलावर मांडले. तिसऱ्या कपासाठी मात्र तिचा हात आपोआप फळीच्या पार मागे गेला. तिथला कड उडालेला निळा कप तिने काढला, भरला आणि नेऊन खिडकीत ठेवला. आपण काय केलं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही!

मावशी खिडकीकडे बघतच राहिल्या. "हा माझा? वेगळा? तुमच्याकडे असं करतात?"

बबडीचे कान तापले. "हो… म्हणजे… आमच्याकडे काम करणाऱ्यांचा कप वेगळाच असतो."

"अगं बाई!" मावशींनी तो कप दोन्ही हातांत धरला. "इतकी वर्षं लोकांची घरं पुसतेय, पण माझा म्हणून कप कुणी ठेवला नव्हता गं! केवढा मान देता तुम्ही माणसांना!"

आता बोलायला हवं होतं. पण बबडी नुसती हसली.

मावशींच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! आठवडाभरात निम्म्या कॉलेजला कपाची गोष्ट कळली. बाहेरून आलेल्या मुलांनी आपापल्या देशाची ओळख करून द्यायची, असा एक कार्यक्रम तिथे होता. बबडीने त्यासाठी नाच बसवला होता. तिला शिकवणाऱ्या बाईंनी तिला वाटेतच गाठलं. "नाच दरवर्षीच होतात. तू त्या मानाच्या कपाबद्दल बोल. आणि मावशींना मी पहिल्या रांगेत बसवणार आहे!"

बबडीच्या पायाखालची जमीन सरकली. खरं सांगावं तर घराचं नाव जातं आणि मावशींचं मन मोडतं. खोटं बोलावं तर मावशींच्या डोळ्यांत बघायचं कसं?

तिने आईला फोन लावला. आई म्हणाली, "त्यात काय एवढं? मानाचा कप म्हणून सांगून टाक. घरातलं चव्हाट्यावर कशाला मांडायचं?"

"पण आई, आपण त्यांना मावशी म्हणतो ना?"

"म्हणतो की."

"मग तुझ्या सख्ख्या बहिणीला कधी खिडकीतल्या कपात चहा दिलास?"

"दूध उतू जातंय," असं काहीतरी पुटपुटून आईने फोन ठेवला.

संध्याकाळी काकू आपल्या गणवेशाला इस्त्री करत होत्या. बबडी त्यांच्यापाशी येऊन बसली आणि एकदम रडायलाच लागली. रडत रडत तिने सगळं सांगितलं. काकूंनी इस्त्री बाजूला ठेवली.

"मला तेव्हाच जरा चमत्कारिक वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "मान द्यायला कुणी फुटका कप शोधत नाही."

"काकू, मला इथे आमचं चांगलं दाखवायला पाठवलंय हो!"

"दाखव की. तुमची माया, तुमचा पाहुणचार, सगळं दाखव, मी टाळ्या वाजवीन. पण नुसतं चांगलंच दाखवायचं तर भिंतीवर जाहिरात चिकटवली असती, जितंजागतं माणूस कशाला पाठवायचं? आणि आम्ही काय धुतल्या तांदळासारखे आहोत? माझ्या बसमध्ये मावशी झाडूबादली घेऊन चढल्या, की शेजारचे लोक अंग चोरून घेतात. रोज बघते मी आरशात."

"पण खरं कळलं तर मावशींना किती लागेल! त्यांना नाही सोसवणार."

"हे तू परस्पर ठरवलंस?" काकूंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "आम्हाला खरं सांगायचं आणि तिला खोट्यावर भुलवायचं. बबडे, हा तर तू तिच्यासाठी दुसरा वेगळा कप काढलास!"

हे शब्द बबडीच्या काळजात जाऊन बसले.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मावशी नवा कोरा पोशाख घालून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. बबडीने तो निळा कप टेबलावर ठेवला.

"आमच्या घरी दारात आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत," ती म्हणाली. "आजारी शेजाऱ्याच्या उशाशी आमची आई बसते. हे सगळं खरं आहे. आणि आमच्या घरच्या मावशींचा कप खिडकीत असतो, हेही खरं आहे. तो मानाचा नाही. त्यांचं उष्टं आमच्या कपांना लागू नये, म्हणून तो वेगळा. इथे येऊनही माझ्या हाताने तेच केलं. मावशी, मी तेव्हा गप्प बसले. मला माफ करा."

मावशींचा चेहरा उतरला. टाळ्या पडायच्या आधीच त्या उठून निघून गेल्या! बबडीच्या मनात आलं, केलं ते चुकलंच की काय?

गुरुवार आला. मावशी आल्या, मुकाट्याने काम करू लागल्या. चहाची वेळ झाली तशी बबडी फळीपाशी घुटमळली. कुठला कप काढावा, तिला सुचेना. मावशींनी तिला हलकेच बाजूला सारलं.

"सरक. कप मी निवडणार." त्यांनी काकूंचा लाडका, नक्षीचा कप काढला.

"अहो, तो माझा!" काकू ओरडल्या.

"आज माझा," असं म्हणून मावशी टेबलाशी ऐसपैस बसल्या. मग बबडीकडे न बघताच म्हणाल्या, "लागलं गं मला. दोन रात्री झोप नाही. पण माझ्या तोंडावर खरं बोलायचा मान तरी कुणीतरी ठेवला. साखर कमी घातलीस आज. दे इकडे डबा."

बबडी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. आवाज अगदी हळू होता. "तुझं बोलणं माझ्या मनातून जाईना. सकाळी देवापुढे हात जोडून उभी राहिले, तर डोळ्यांपुढे आपला खिडकीतला कपच. काल आपल्या मावशींना म्हटलं, बसा माझ्यासोबत चहाला. तर त्या म्हणतात, 'नको ताई, माझा आपला बरा.' बबडे, त्यांनाच तो आपला वाटायला लागलाय गं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"मग?"

"मग काय! तो कप उचलला, त्यात माती भरली आणि तुळशीचं रोप लावलं. म्हटलं, आता तर ह्यात चहा देता येत नाही, घ्या फळीवरचा कुठलाही. तेव्हा कुठे बसल्या. अवघडून बसल्या, पण बसल्या."

बंधुभगिनींनो, परदेशी गेलेलं आपलं लेकरू जगाला काय दाखवतं? जे आपण इथे त्याच्या हाताला शिकवलं, तेच! घराचं नाव तिकडच्या व्यासपीठावर नंतर राहतं, आधी ते आपल्या ओट्यापाशी राहतं. देव ज्याला वेगळा मानत नाही, त्याला वेगळं ठेवणारे आपण कोण? उद्या चहा टाकाल तेव्हा एकदा खिडकीकडे बघा, आणि तिथे कप असेल तर तो उचलायला मुलांच्या बोलण्याची वाट बघू नका.