मागच्या डिस्कचं रिजेक्शन

एकतीस वर्षं मी भोसरीच्या एका कंपनीत क्वालिटीला काढली. माल नापास झाला की त्याला लाल टॅग लावायचा आणि टॅगवर कारण लिहायचं. कारणाशिवाय रिजेक्शन नाही, हा माझा नियम. रिटायर झालो तरी खोड गेलेली नाही. घरातला कुकरसुद्धा माझ्या तपासणीतून सुटत नाही.

त्यामुळे आमच्या गाडीच्या मागच्या ब्रेक डिस्क इतक्या लवकर झिजल्या तेव्हा कारणही मी लगेच ठरवून टाकलं. कारण म्हणजे अबोली, माझी मुलगी. चाकणला ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत ती नुकतीच सुपरवायझर झाली आहे. पहाटे सव्वापाचची कंपनीची बस सोडून आता एकटीनं गाडी घेऊन जायचं म्हणते, म्हणून गेले काही महिने मला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर सराव करत होती.

"ब्रेकवर पाय ठेवून चालवतेस तू," मी सुनावलं. "ही सवय मोडेपर्यंत किल्ली मिळणार नाही."

तिनं वाद घातला नाही. रविवारी सकाळी नव्या डिस्क आणि पॅड घेऊन आली, आणि पिंपळे गुरवच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही दोघं कामाला लागलो.

पुढच्या चाकांना विटा लावल्या, जॅक चढवला, मागचं चाक काढलं. डिस्कला दोन्हीकडून धरणारा कॅलिपर काही केल्या निघेना. मी हातोडा उचलला. अबोली उठली, गाडीत वाकली आणि हँडब्रेक खाली सोडला. कॅलिपर अलगद हातात आला. हँडब्रेक मीच ओढून ठेवला होता. मी हातोडा खाली ठेवला.

मग नव्या जाड पॅडना जागा व्हावी म्हणून मी कॅलिपरमधला पिस्टन आत दाबायला गेलो.

"बाबा, मागचा नुसता दाबायचा नसतो, फिरवत न्यायचा," ती म्हणाली आणि दोन मिनिटांत नेलासुद्धा. हात सराईत होता. मला आतून फार बरं वाटलं, पण तसं तोंडावर बोलण्याची आपली पद्धत नाही.

जुन्या डिस्क तापून निळ्या पडल्या होत्या. मी माझा मायक्रोमीटर लावला. "बघ! जाडी मर्यादेच्याही खाली!" मला जिंकल्यासारखं झालं. दोन्ही बाजूंच्या नव्या डिस्क बसवून तिनं बोल्ट आवळले, पेडल दाबून दाबून कडक केलं. तरी केस पक्की करायची म्हणून मी तिला पुढचंही एक चाक काढायला लावलं.

पुढची डिस्क जवळजवळ नवी होती.

मी तीनदा मोजली. पाय ब्रेकवर राहिला असता तर आधी पुढच्या झिजल्या असत्या, एवढं मला कळतं. फक्त मागच्या खातो तो हँडब्रेक. आणि अबोली चालवत असताना शेजारी बसून हँडब्रेकवर हात ठेवणारा माणूस घरात एकच आहे. मोशीच्या पुढे कंटेनर दिसला की माझी मूठ आवळायची आणि दांडा एक-दोन दाते वर यायचा.

"तुला माहीत होतं?"

"डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो ना, बाबा. तुम्ही बाहेर बघायला लागलात की मी हळूच खाली करायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"मोजल्याशिवाय तुम्ही कधी काही मानलंय?"

मला लाज वाटली. घरात जाऊन कपाटातून जुन्या टॅगांचा गठ्ठा काढला, एक टॅग भरला आणि झिजलेल्या डिस्कला बांधला. कारण: चालत्या गाडीत हँडब्रेक. ऑपरेटर: नंदकिशोर, म्हणजे मी.

अबोलीनं वाचलं. "सही राहिली," ती म्हणाली.

मी सही केली आणि किल्ली तिच्या हातात दिली.

"चला, ट्रायलला." तिनं माझ्या बाजूचं दार उघडलं.

"तू जाऊन ये."

गाडी गेटबाहेर पडली. वळणावर समोरून टेम्पो आला, मागचे लाल दिवे लागले, गाडी जागच्या जागी थांबली आणि मग पुढे गेली. गेटपाशी उभ्या उभ्या माझ्या उजव्या हाताची मूठ मात्र घट्ट आवळलेली होती.