तिरका कागद

"पाण्यात काय कालवलंस, म्हातारे?"

फुंग मास्तरांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. तो खाली गेला की क्वान आत्याला जास्त धोक्याचा वाटे. टेबलावरच्या कागदावर रंगवलेल्या केळीच्या पानावर मास्तरांनी थेंब सोडला होता, आणि हिरव्या रंगाचं मधोमध डबकं झालं होतं. सकाळपासूनचं हे तिसरं पान.

"नळाचं पाणी आहे, मास्तर. त्यात काय कालवणार?"

सिंगापूरहून आलेले चिया साहेब चहाचा पेला धरून बसले होते. तिथल्या चिनी शाळेत त्यांना कँटनची चित्रशैली सुरू करायची होती. ओल्या रंगात पाणी सोडल्यावर पान कसं उजळतं, ते डोळ्यांनी पाहायला ते काउलूनला आले होते. इथे दिवंगत ताम गुरुजींचे शेवटचे शिष्य म्हणून फुंग मास्तरांचं नाव होतं.

"ही गुरुजींच्या घरची मोलकरीण," मास्तर त्यांना म्हणाले. "तिकडे कँटनला सरकार बदललं तेव्हा इकडे पळून आली. दया करून ठेवली. ब्रशसुद्धा धड धूत नाही."

"दया म्हणजे झोपायला जिन्याखालची फळकुटं नि उरलेला भात," आत्या पुटपुटली.

"बघा जीभ. नवरा केला नाही, मग वळण कोण लावणार?"

 सोळाव्या वर्षी देवीसमोर स्वतःच्या हातानं अंबाडा बांधून तिनं लग्न न करण्याची शपथ घेतली होती. त्यावरचे टोमणे तिच्या अंगवळणी पडले होते. चीड होती ती वेगळीच, सगळे पाण्यावरच अडल्याची. पाणी सोडायची वेळ आली की ताम गुरुजी शिष्यांना अंगणात घालवत आणि दार लावून घेत. बाहेर शिष्य भांडत. कुणी म्हणे पाणी पावसाचं, कुणी म्हणे तांदळाचं. आत ती असे. तीस वर्षं, कागद लावलेली फळी दोन्ही हातांत धरून.

"पाण्याचा दोष नाही, मास्तर. तुम्ही कागद सपाट ठेवलाय."

चिया साहेबांनी पेला खाली ठेवला. "मग कसा ठेवायचा?"

"आणखी एक शब्द बोललीस," मास्तर म्हणाले, "तर आजच बोचकं उचलायचं."

सत्तरीच्या बाईला या शहरात दुसरं छप्पर कोण देणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.  तरी आत्यानं कोऱ्या कागदाची फळी उचलली.

"साहेब, तुम्हीच काढा पान. वेडंवाकडं चालेल."

त्यांनी काढलं. तिनं फळी पानाच्या टोकाकडे कलती केली. "आता देठाशी सोडा. एकच थेंब."

पाणी रंगाला ढकलत उतरलं. मधला भाग फिकटला, कडेला हिरवी रेघ साचली.

"इतकी वर्षं ठाऊक होतं?" मास्तरांचा चेहरा पांढरा पडला होता. "एका शब्दानं बोलली नाहीस?"

"तुम्ही पाणी कुठल्या विहिरीचं एवढंच विचारायचात."

चिया साहेबांनी वहीत कोन काढून घेतला, थेंबाची जागा लिहिली. तिचं नाव त्यांनी विचारलं नाही.

"निघ," मास्तर म्हणाले.

"निघते. पण रंग वाळेपर्यंत फळी खाली ठेवता येत नाही."

मास्तर आणि साहेब खिडकीबाहेर बघत बसले. तिचे खांदे थरथरत होते; फळी मात्र हलली नाही. पानाची कड सावकाश गडद होत होती.