मागच्या सीटवरचं वजन

“तुम्ही नाही बसत?” मेकॅनिकने विचारलं.

“नको. आधी तू एकटा चालवून ये,” काका किल्ली पुढे करत म्हणाले. “पुलाखालच्या वळणावर तुझ्या हातातही गाडी मागून सुटते का, तेवढं सांग.”

गाडी गेली. काका गॅरेजच्या दारात खुर्चीवर बसले. त्यांचा सगळा जन्म पाणीपुरवठ्याच्या पंपांवर गेला होता, म्हणून सगळे त्यांना पंपवाले काका म्हणत. हल्ली तशी हाक क्वचितच येई. घरात तर हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं.

मागच्या आठवड्यात मुलगी येऊन गेली. तिला स्टेशनवर सोडताना त्या वळणावर गाडीची मागची बाजू अशी बाहेर फेकली गेली, की शेजारी बसलेल्या मुलीने दाराची मूठ घट्ट धरली.

“बाबा, आता हात पहिल्यासारखा राहिला नाही तुमचा,” ती उतरताना म्हणाली. “विकून टाकू या गाडी.”

रविवारी जावई गिऱ्हाईक घेऊन येणार होता. तेव्हापासून कप उचलतानाही काका आपल्या हाताकडे बघत होते.

मेकॅनिक परत आला.

“सुटते. माझ्याही हातात सुटते.”

काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि उगाच चोळत राहिले.

मेकॅनिकने मागची चाकं उचलून हलवून पाहिली. ढिलेपणा नव्हता. सांध्यांतले रबरी बुश शाबूत होते. मग त्याने डिकीवर सगळा भार टाकला, तरी गाडी जेमतेम दबली.

“मागून नुसता दगड झालाय. आणि टायरात एवढी कडक हवा कोण भरतं?”

“मीच.”

“का?”

“सवय.”

“चला, आता तुम्ही चालवा. मी मागे बसून ऐकतो.”

मेकॅनिक अंगाने दांडगा होता. तो मागे बसला तशी गाडी जराशी खाली आली. काकांनी पुलाखालचं वळण घेतलं. गाडी सरळ, शहाण्यासारखी वळली. त्यांनी पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. पुढे रस्त्यात उंचवटा आला, तेव्हा काकांनी वेग इतका कमी केला की शेजारून सायकलवाला पुढे गेला.

“काका, अंडी भरलीत का गाडीत?”

काका हसले नाहीत.

“आणि हा आरसा तर मागच्या सीटवरच रोखलाय, मला तुमचंच तोंड दिसतंय. मागचा रस्ता बघता कसा तुम्ही?” मेकॅनिकने सीटवरून हात फिरवला. “मागे कोण बसायचं?”

“ही. पाय लांब करून, पाठीला उशी. डिकीत तिची चाकांची खुर्ची, चांगली जड. गाडी मागून बसायची, खड्ड्यात बूड टेकलं की हिला कळ यायची. म्हणून मागच्या स्प्रिंगच्या कमानपाट्यात एक पाटा वाढवून घेतला. हवा कडक ठेवायला लागलो.”

“आणि ती खुर्ची?”

“ही गेल्यावर मुलीने दवाखान्याला देऊन टाकली. पडून काय करायची होती.”



“मग बरोबर आहे,” मेकॅनिक म्हणाला. “वजन गेलं, पाटे तसेच राहिले. मागची चाकं रस्ता धरणार कशी? डिकीत वाळूचं पोतं टाका, नाहीतर पाटा काढू.”

काकांनी आरशात मागच्या सीटकडे पाहिलं.

“पोतं कशाला? काढ पाटा.”

काम चालू असताना त्यांनी गॅरेजमधूनच मुलीला फोन लावला.

“हात नव्हता गं. गाडीच होती.”

“काय झालं होतं?”

“मागे वजन नव्हतं.”



“बरं, बाबा,” ती म्हणाली. “ह्यांना सांगते, रविवारी कोणाला आणू नका म्हणून.”

“तू ये पण.”

“बघते. जमलं तर.”

संध्याकाळी काका एकटेच निघाले. वळणावर गाडी मागून जराही सुटली नाही. मेकॅनिकने जाता जाता आरसाही सरळ करून ठेवला होता. त्यात मागे पडत जाणारा रस्ता दिसत होता, दिव्याचे खांब दिसत होते, सीट नव्हती. काकांचा हात आरशाकडे गेला आणि परत स्टिअरिंगवर आला.

घराजवळ उंचवटा आला. काकांनी गाडी जवळजवळ थांबवली आणि आधी पुढची, मग मागची चाकं अगदी अलगद पलीकडे उतरवली.