मैमुनाची नमाज

मिठागरावर ऊन उभं होतं. आभाळ पांढरं, पाणी पांढरं, पाण्यावर धरू लागलेली मिठाची साय पांढरी. त्या पांढऱ्याशुभ्र दुपारी एकच काळी रेघ हलत होती. खाडीकडून, बांधावरून, एक माणूस चालत येत होता.

हिराजीने लाकडी फावडं थांबवलं. येणारा दाऊदभाई होता. त्याच्या बायकोचा थोरला भाऊ, गावच्या मशिदीत बांग देणारा. एरवी तो लांबूनच हाक घालायचा, आणि त्याची हाक खाडीपलीकडच्या बगळ्यांना उठवायची. आज त्याने हाक घातली नाही. तो चालत होता, नुसता चालत होता, आणि बगळे बसल्या जागी बसले होते.

त्याची बायको मैमुना शहरातल्या इस्पितळात होती. न आलेल्या हाकेतूनच हिराजीला सगळं कळलं.

"हिराजी," जवळ येऊन दाऊदभाई म्हणाला, "चल."

एवढंच. वाऱ्याने मिठाची साय किंचित सुरकुतली, आणि पुन्हा सपाट झाली.

संध्याकाळी तिच्या जनाज्याची नमाज झाली. खांद्याला खांदा लावून माणसं उभी राहिली, रांगेमागे रांग, पांढऱ्या टोप्यांची शांत ओळ. हिराजी लांब चिंचेखाली थांबला. कोणी त्याला अडवलं नव्हतं. त्याचाच पाय उचलला नाही. त्याने खांदा दिला, मुठीने माती दिली. पण जिथे तिच्यासाठी मागणं मागितलं जात होतं, त्या रांगेत तिचा नवरा नव्हता.

ती खाडीकाठच्या कोकणी मुसलमानांची, तो मिठागरातला आगरी. कचेरीत सह्या करून लग्न केलेलं. दोन्ही घरांनी तोंड फिरवलं, फिरवून ठेवलं, आणि मग दोन्ही घरांच्या माना अवघडल्या. मैमुना आणि हिराजीच्या घरात मात्र भांडण नव्हतं. कोनाड्यात त्याचे देव, खुंटीला तिची जानमाज, नमाजेची चटई. ती नमाजेला उभी राहिली की तो तिच्या डाव्या हाताला, उंबऱ्यावर बसून राहायचा. कुठे जायचं म्हणून उठायचा नाही.

तो बघायचा. ती हात बांधायची, ओठ हलायचे, आवाज नाही. ती वाकायची, अंग चोरून. मग कपाळ जमिनीला टेकायची तेव्हा कोपरं बरगड्यांशी, पोट मांड्यांशी, सगळी एवढीशी होऊन जायची. वाऱ्याने मिटलेल्या फुलासारखी नव्हे, झोपलेल्या लेकरासारखी. शेवटी ती उजवीकडे मान वळवून सलाम करायची, मग डावीकडे. डावीकडे तो असायचा. तो सलाम आपल्यालाच आहे असं धरून हिराजी रोज मान हलवायचा, आणि जानमाज गुंडाळताना मैमुना हसायची. का हसते, हे त्याने कधी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

ती गेल्यावर उंबरा राहिला. डाव्या हाताला बसायला डावा हात कुणाचा नव्हता.

पाऊस आला, मिठागर बुडवून गेला. थंडीच्या तोंडावर एका सकाळी हिराजी दाऊदभाईच्या ओट्यावर जाऊन बसला. मग म्हणाला, "मला तुमच्यात यायचंय."

दाऊदभाई दातण करत होता. त्याने चूळ भरली, तोंड पुसलं.

"आमच्यात कशाला? आमच्यात काय कमी भांडणं आहेत?" मग हळू आवाजात, "तिच्यासाठी येतोस की अल्लाहसाठी?"

"ती रोज ज्याच्यापुढे वाकायची, त्याच्यापुढे वाकून बघायचंय."

"तो दिसत नाही, बाबा."

"दाऊदभाई, दिसणारं सगळं बघून झालंय माझं."

दाऊदभाईने आत वळून बायकोला चहा ठेवायला सांगितला.

त्यांच्यात यायचा कलमा थोडक्याच शब्दांचा. जीभ अडखळली, पुन्हा उठली, आणि पोचली. वजू करताना, नमाजेआधी हातपाय धुताना, मिठाने चिरलेल्या टाचांवर गार पाणी पडलं, चिरांत मुरलेलं मीठ जागं झालं. हिराजीने ओठ आवळले. दाऊदभाई म्हणाला, "घोट्यापर्यंत. सगळं भिजू दे." आणि सगळं भिजलं.

मग अल्हम्दु, प्रत्येक नमाजेत म्हणायची ती सूरत. दाऊदभाई एक तुकडा म्हणायचा, हिराजी त्याच्यामागून. शब्द नवे होते, परके होते, पण त्यांचे ओठ ओळखीचे होते. कुठे ओठ मिटतात, कुठे किंचित उघडे राहतात, हे त्याने इतकी वर्षं पाहिलं होतं. आवाज नसलेलं ते गाणं आता आवाज घेऊन येत होतं. शिकता शिकता तो मध्येच थांबायचा. दाऊदभाईला वाटायचं, विसरला.

एका शुक्रवारी तो रांगेत उभा राहिला. डावीकडे दाऊदभाईचा शेजारी कासमभाई, होड्यांचा सुतार, जिभेला रंधा लावलेला माणूस. उजवीकडे भिंत. बांधलेले हात, वाकलेल्या पाठी, आणि मग सगळ्यांची कपाळं एका वेळी जमिनीला. वाळत घातलेलं जाळं वाऱ्याने एकदम खाली बसावं तशी ती रांग खाली बसली.

नमाज संपली, लोक चपला शोधू लागले, आणि कासमभाईला राहवलं नाही.

"काय रे हिराजी, बायांची नमाज पढतोस तू! कोपरं पोटात घालून! पुढल्या शुक्रवारी ओढणी आणू का?"

दोघं-चौघं हसले. हिराजीही हसला, कारण त्याला कळलं नव्हतं.

दाऊदभाई वळला. "पुरुषाने सजद्यात, कपाळ टेकताना, कोपरं लांब ठेवायची, पोट उचलून. मी दाखवलं होतं की. ही अशी कुणी शिकवली तुला?"

"शिकवली कुणी नाही. बघितलेली."

"कुणाची?"

हिराजी आपल्या कोपरांकडे बघू लागला. चपला शोधणारे हात थांबले. कासमभाईने एक चप्पल घातली, दुसरी हातातच राहिली. "मेलो मी," तो पुटपुटला, "माझ्या या जिभेला..." आणि तसाच एका चपलेने पायरी उतरून गेला.

मशीद रिकामी झाली. खिडकीतून दुपार तिरपी आत आली, चटयांवर पसरली. दाऊदभाई भिंतीला टेकून बसला होता. त्याचा आवाज आला तेव्हा तो बांग देणाऱ्याचा वाटला नाही.

"पुन्हा एकदा कर. मला बघू दे."

हिराजी चटईवर गेला. हात बांधले. वाकला, अंग चोरून. आणि मग तो उन्हाने रापलेला, खांद्यांनी रुंद, मिठाच्या पाट्या वाहून वाहून टणक झालेला माणूस हळूहळू एवढासा झाला. कोपरं बरगड्यांशी, पोट मांड्यांशी, कपाळ जमिनीशी.

दाऊदभाई बघत राहिला. चटईवर त्याची बहीण होती. बहिणीच्या मागे अम्मा होती, जिने ती लहान असताना तिची कोपरं हाताने धरून आत ओढली होती. त्या मोठ्या पाठीत दोघी मावल्या होत्या.

हिराजी उठून बसला. उजवीकडे मान वळवली, डावीकडे वळवली. डावीकडे दाऊदभाई होता, आणि त्याची दाढी ओली होती.

"दाऊदभाई, हा डावीकडचा सलाम कुणाला असतो?"

"फरिश्त्यांना. आणि त्या बाजूला जो बसला असेल, त्यालाही."

हिराजीने मान हलवली. बराच वेळ तो मान हलवत राहिला.

"मग हे बदलायलाच हवं का?" त्याने विचारलं. "कोपरं बाहेर काढली, तर माझ्याकडे तिचं काय राहील?"

"बदलायला हवं," दाऊदभाई म्हणाला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. मग उठता उठता त्याने हिराजीच्या कोपरावर हात ठेवला. त्याने ते बाहेर ओढलं नाही. "पण घाई नाही. अल्लाहला तर मुळीच नाही."

पुढच्या शुक्रवारी कासमभाई आधीच येऊन रांगेत हिराजीची जागा धरून बसला होता. तो सरकला, आणि नमाज उभी राहिली तेव्हा त्याने आपला खांदा हिराजीच्या खांद्याला घट्ट लावला.

आता हिराजीला अल्हम्दु पूर्ण येते. आमीन तो सगळ्यांबरोबर मोकळ्या आवाजात म्हणतो. वाकतो तेव्हा पाठ सरळ होते. दर जुम्म्याला नमाजेनंतर तो कब्रस्तानात जातो, आणि तिच्यासाठी मागायचं ते मागतो, पुढे उभा राहून मागतो.

सजद्यात कोपरं बाहेर काढायची तेवढी राहिली आहेत.