जीन्समधला मसाला

हरिचंद्र बायकोशी आयुष्यात एकदाच मोठं खोटं बोलला, आणि ते निभावायला त्याला थेट भारत सरकार लागलं.

झालं असं. त्याची लेक करिष्मा परदेशात असते. देशाचं नाव घेत नाही, आधीच वातावरण तापलंय. तिला सातवा महिना, आणि आईच्या मसाल्यावाचून घास उतरेना. त्याच्या बायकोने, चिमीने, बदलापूर गावातल्या अंगणात मिरच्या वाळवल्या, तीन दिवस शिंकत मसाला कुटला आणि नवऱ्याच्या हवाली केला. परदेशी जाणारं पार्सल कापडात शिवावं लागतं, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून तो उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात ओळखीच्या भूपेशच्या जीन्सच्या कारखान्यात गेला. भूपेशने मोठ्या आपुलकीने पार्सल चक्क जीन्सच्या कापडात शिवलं, चिठ्ठी ठेवायला वर खिसा लावला, मार्करने करिष्माचा पत्ता टाकला आणि त्याचा फोटोही हरिचंद्रच्या फोनवर पाठवला. पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र दोघांच्याही डोक्यात आला नाही.

बदलापूर स्टेशनवरून पोस्टाकडे जाताना शेअर रिक्षात जुना मित्र बाळा भेटला. बैलांच्या शर्यतीचा विषय निघाला. पोस्टाशी उतरून खिडकीपर्यंत गेल्यावर हरिचंद्रच्या लक्षात आलं, आपले दोन्ही हात मोकळे आहेत. रिक्षा गेली ती गेलीच. दोन दिवस त्याने सगळे रिक्षा स्टँड पालथे घातले. घरी मात्र पाठवलं म्हणून सांगितलं, कारण चिमीच्या शिंका आठवून खरं बोलायला त्याची जीभच वळेना.

महिना झाला. करिष्मा रोज विचारी, आणि चिमी रोज नवऱ्याकडे बघे. मग देव पावला. त्या देशाने म्हणे भारतातून येणारं सगळं टपाल कधीपासूनचं अडवून ठेवलं होतं, आणि आपल्या सरकारने कडक शब्दांत निषेध नोंदवला होता. टीव्हीवर ते ऐकून हरिचंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. चिमीला वाटलं, बापाची माया. दुसऱ्याच दिवशी गावच्या नाक्यावर त्याचा गॉगल घातलेला बॅनर लागला : त्या देशाचा जाहीर निषेध, शुभेच्छुक हरिचंद्र.

सरकारने तेवढ्यावर थांबावं की नाही? पण दुसरा निषेध जायचा होता, आणि त्याला जोडायला अडकलेल्या पार्सलांची यादी हवी होती. लोकांनी पावती घेऊन पोस्टात यावं, असं जाहीर झालं. चिमीने पदर खोचला आणि पावती मागितली. हरिचंद्रने कपाट उपसलं, गाद्या झटकल्या आणि शेवटी सगळा आळ धुतलेल्या शर्टावर घातला. पावती नसेना का, पार्सलचा फोटो तर आहे, असं म्हणून चिमी त्याला पोस्टात घेऊन गेली.

खिडकीतल्या नीलिमा मॅडमनी फोटो पाहिला आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या जीन्सचं पार्सल घेऊनच. एका रिक्षावाल्याने महिन्यापूर्वी आणून दिलं होतं. पाठवणाऱ्याचा पत्ता नाही म्हणून पडून होतं, आणि तेव्हापासून अख्खा स्टाफ शिंकत होता.

घरी आल्यावर चिमीने पार्सल कपाटावर ठेवलं आणि हात झटकले.

"पोरीच्या तोंडाला मसाला लागत नाय, तवर तुमच्या बी नाय."

त्या देशाचं टपाल तर खरोखरच बंद होतं. हरिचंद्रच्या ताटात नुसत्या हळद-मिठाचे बोंबील येऊ लागले. शेजारीपाजारीही तिने सांगून ठेवलेलं, त्यामुळे कुठे वाटीभर कालवण मिळायची सोय नव्हती. चौथ्या दिवशी त्याने करिष्माला फोन लावून खरं काय ते सांगितलं आणि वर आपल्या जेवणाची रड गायली. ती आधी खूप हसली, मग म्हणाली,

"बाबा, मी इकडं महिनाभर असंच जेवते."

हरिचंद्रला आपली फार लाज वाटली. बॅनर त्याने स्वतः उतरवला. मग दिवसभर बसून त्याने त्या देशाच्या सरकारला दोन पानी निषेध लिहिला. चूक आधी माझी, पण आता तुमची, अशी सुरुवात केली, आणि लेकीला सातवा सरून आठवा लागल्याचं दोनदा लिहिलं. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता मोठ्या अक्षरांत घातला आणि ते दोन्ही हातांनी धरून पोस्टात नेलं.

नीलिमा मॅडमनी पाकीट उलटून बघितलं आणि परत सरकवलं.

"काका, तिकडचं टपाल बंद आहे."

"तेच तर आत लिवलंय," हरिचंद्र म्हणाला.