शिशावरचा बारा नंबरचा पाय

कॅथेड्रलच्या छपराचं शिसं बदलायला काढलंय, त्यावर आखलेला तुझ्या बाबाचा पाय याच आठवड्यात निघेल, हवा असेल तर तेवढा पत्रा कापून देतो, असा बाबांबरोबर छपरावर काम केलेल्या रेग थॅकरीचा फोन आला तेव्हा हेस्टरने लगेच हो म्हटलं होतं. बाबा जानेवारीत गेले. त्यांचे बूट आईने आठवड्याच्या आत देणगीच्या दुकानात नेऊन टाकले. हेस्टरकडे त्यांचं असं काहीच उरलं नव्हतं. आज मात्र एकशे सत्याऐंशी पायऱ्यांचा गोल जिना चढताना ती स्वतःला बोल लावत होती. चार वर्षांच्या मुलीला कुणी इतक्या उंचावर आणतं? ब्रायनीच्या जाकिटाची टोपी तिने मुठीत घट्ट धरली होती.

जिना संपला तो छपराखालच्या पोकळीत. खाली प्रार्थनेला बसल्यावर आभाळाएवढ्या वाटणाऱ्या कमानींची पाठ इथून दिसत होती, ओळीने पालथ्या घातलेल्या अजस्र परातींसारखी. वर ओकच्या तुळया. सातशे वर्षांपूर्वीच्या सुताराने प्रत्येक सांध्यावर छिन्नीने आकडा पाडला होता, आणि सांध्यात अजून नख शिरत नव्हतं. हेस्टरने घालून पाहिलं.

“बाबा हे रोज बघायचे?”

“बघतोय कसला. डोकं आपटून शिव्या घालायचा,” रेग म्हणाला.

बाहेर छपरावर लख्ख ऊन होतं. कठडा छातीइतका उंच होता, तरी तिने तो दोन्ही हातांनी हलवून पाहिला. मग पायाखाली नजर गेली. राखाडी पत्र्यावर पायच पाय. काम संपलं की बूट पत्र्यावर टेकवायचा, खिळ्याने त्याची कड आखायची, आत नाव नि साल घालायचं, ही इथल्या कारागिरांची रीत. १८११ सालचा चौकोनी टोकाचा बूट होता. एकाने तर टाचेचे खिळेसुद्धा एकेक करून कोरलेले. खाली पिढ्यान्‌पिढ्या माणसं माना वर करून बघत आली, आणि ही सगळी मंडळी त्यांच्या डोक्यावर, कुणाला न दिसता.

“हा बघ तुझा बाबा.”

एल. बी., १९८७.

“बारा नंबरचा पाय. आम्ही म्हणायचो, लेन, तू दुसऱ्यांना जागा ठेवत नाहीस.” रेगने कातर काढली. “दोन मिनिटांचं काम.”

हेस्टर उकिडवी बसली. शेजारी ब्रायनी आजोबांच्या बुटाच्या रेषेवरून बोट फिरवत होती. बोट काळं झालं आणि सवयीने तोंडाकडे निघालं. हेस्टरने मनगट पकडलं.

“शिसं आहे ते. पोटात गेलं तर विष.”

“आजोबांच्या पायात विष आहे?”

 हेस्टरला लहानपणीच्या घराचं मागचं अंगण दिसत होतं. कामावरून आले की बाबा दाराबाहेरच कपडे उतरवत, नळावर कोपरापर्यंत हात घासत, आणि ती धावत गेली की ओरडत, “लांब राहा गं.” बाबांना आपण नको असतो, असं तिला कित्येक वर्षं वाटायचं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकली, तरी त्याचा त्या नळाशी संबंध तिने कधी लावला नव्हता.

“कापू नका, रेगकाका.”

“अगं, फोनवर तर उड्या मारत होतीस.”

“जन्मात त्यांनी याचा कण घरात आणला नाही. मी अख्खा पाय नेऊन भिंतीला टांगू?”

रेगने कान खाजवला. “मग वितळणार बघ. गुरुवारी. खाली वाळूवर ओतायचं, नवा पत्रा करायचा, पुन्हा वर.”

“त्यांचा पत्रा कुठला, ते कळेल?”

“छे. या पत्र्यात तरी आधीचे कितीजण वितळलेत, कुणाला ठाऊक?”

हेस्टर लांबवर पसरलेल्या छपराकडे बघत राहिली. मग तिने ब्रायनीची बोटं ओल्या रुमालाने दोनदा पुसली, तिला जिन्याच्या दाराशी बसवलं, आणि रेगकडून हातमोजे मागून घेतले. दोघांनी मिळून पत्रा टोकाकडून गुंडाळायला घेतला. तो चटईसारखा वळत गेला, पण वजन खांद्यांपर्यंत जाणवत होतं. चवडा आत गेला, मग साल, मग टाच.

“दमाने,” रेग म्हणाला. “जड आहे तुझा बाबा.”